उंदरांनी दाखवलेलं वेदनेवरचं औषध

डोकं दुखलं की आपण गोळी घेतो. ती पोटात विरघळते, औषध रक्तात मिसळतं आणि थोड्या वेळात बरं वाटतं. पण कित्येक पदार्थ रक्तातून मेंदूपर्यंत पोहोचतच नाहीत. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती त्यांना अडवतात. मग अशा पदार्थाचा मेंदूवर काय परिणाम होतो, हे कळणार कसं? त्यासाठी शास्त्रज्ञ त्याचा बारीकसा थेंब प्राण्याच्या थेट मेंदूत सोडतात. १९६४ साली दोन चिनी शास्त्रज्ञांनी सशांच्या मेंदूत मॉर्फिन सोडून, ते वेदना नेमकी कुठे शमवतं याचा शोध घेतला होता.

याच पद्धतीतून एक नवल घडलं. शंकूच्या आकाराची, विषारी दंश करणारी एक समुद्री गोगलगाय असते. तिच्या काही जाती तमिळनाडूच्या किनाऱ्यावरही सापडतात. (असा सुंदर शंख जिवंत दिसला तर हात लावू नका!) अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात बाल्डोमेरो ऑलिव्हेरा या विषाचा अभ्यास करत होते. त्यांच्या क्रेग क्लार्क नावाच्या विद्यार्थ्यानं विषातले घटक वेगवेगळे करून उंदरांच्या मेंदूत टोचले. एका घटकानं उंदीर झोपला, दुसऱ्यानं थरथरू लागला! एकाच विषात इतकी निरनिराळी रसायनं आहेत, हे तेव्हा कळलं.

उंदरांना थरथरायला लावणाऱ्या अशाच एका घटकापासून झिकोनोटाइड हे औषध तयार झालं. पाठीच्या कण्यात ते वेदनेचा निरोप पुढे जाऊ देत नाही. २००४ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. इतर उपायांना न जुमानणाऱ्या तीव्र वेदनेसाठी ते छोट्या पंपानं कण्याभोवतीच्या द्रवात सोडतात. मॉर्फिनसारखी त्याची सवय लागत नाही. मात्र गोंधळ, भास असे त्रास होऊ शकतात.

पण उंदराचं काय? वेदनाशामक तपासायचं, तर आधी थोडी वेदना द्यावीच लागते. उंदराला गरम पत्र्यावर ठेवतात आणि तो किती सेकंदांत पंजा चाटतो ते मोजतात. ठरलेली वेळ संपली की त्याला लगेच उचलतात. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं १९८३ मध्येच सांगून ठेवलंय, की शक्य असेल तिथे संशोधकानं ती वेदना आधी स्वतःवर अनुभवून पाहावी. भारतातही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली अशा प्रयोगांवर देखरेख असते.

आपली वेदना कमी करणाऱ्या औषधामागे एखाद्या मुक्या जिवानं सोसलेलं असतं. त्याला गरजेपेक्षा कणभरही जास्त सोसावं लागू नये, एवढं तर आपण त्याचं देणं लागतोच, नाही का?