मागावरील काम आणि पांच वेळांची नमाज

ठाणें जिल्ह्यांतील भिवंडी हें यंत्रमागांचें शहर. येथील विणकरांत मुसलमान पुष्कळ. त्यांपैकीं अनेकांचे पूर्वज उत्तर हिंदुस्थानांतून आले. विणकरास मजुरी मिळते ती विणलेल्या कापडाच्या मापावर. माग थांबला कीं मिळकत थांबली. मग दिवसांतून पांच वेळां नमाज पढावी कशी?

या प्रश्नाचें उत्तर धर्मशास्त्रांतच आहे. फजर, जोहर, असर, मगरिब व इशा यांना एकच क्षण नव्हे, तर कालावधि नेमून दिला आहे. दुपारची जोहर सूर्य कलल्यापासून असरची वेळ लागेपर्यंत पढतां येते. सूर्यास्तानंतरच्या मगरिबेस मात्र अवकाश थोडा. पांचांच्या मिळून फर्ज रकाती सतराच. वजू धरूनही एका वेळेस थोडींच मिनिटें लागतात.

खरी कसोटी रात्रपाळीची. सकाळीं घरीं येऊन निजलेल्याची जोहर झोपेंत टळण्याचा संभव असतो. जाग येतांच ती पढावी, असा दंडक आहे. परंतु त्याची संवय होऊं देणें बरें नव्हे.

शुक्रवारीं हांक आली कीं व्यापार सोडावा, आणि नमाज आटोपतांच पुन्हां उपजीविकेस लागावें, असें कुराणाच्या 62 व्या अध्यायांत सांगितलें आहे. म्हणजे उद्योग हा भक्तीचा वैरी नव्हे. शेजारच्या सोबत्यानें, मग तो मोमीन असो वा पद्मशाली, घटकाभर माग सांभाळावा, मालकानें पाणी व स्वच्छ जागा द्यावी. एवढ्यानें दोन्ही कर्तव्यें सांभाळतां येतात.