मगर पाहिली, घोणस ओळखली का?

आपल्या अणदूर गावाहून सोलापूरमार्गे जवळपास तीनशे किलोमीटरवर पुण्याचं कात्रज. तिथल्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयाचं मूळ नीलिमकुमार खैरे यांनी १९८६ साली उभ्या केलेल्या सर्पोद्यानात आहे. सहल आली की गर्दी होते ती मगरीच्या कुंपणाशी. मगर जबडा उघडा टाकून तासन्‌तास निश्चल पडलेली असते. अंगातली उष्णता बाहेर टाकायची ती तिची रीत. बघणाऱ्याला मात्र ती मेलेली वाटते आणि कुणाच्या तरी हातून खडा सुटतो. संग्रहालयातल्या प्राण्याला डिवचायला वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, हे पालकांनी दारातच मुलांना सांगावं. मगर जरूर बघावी, पण शेतकरी कुटुंबाने अधिक वेळ द्यावा तो सापांना. कारण मगर आपल्या शिवारात सहसा भेटत नाही. घोणस भेटते, तीही सोयाबीन काढताना, पाचोळ्यात, पायाशी.

२००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. बहुतेक खेड्यांतली, आणि निम्मी तरी पावसाळ्यातली. घोणशीला अजगराचं पिल्लू समजून हात घालणारे आजही आहेत. काचेपाशी थांबून दोघांकडे नीट पाहिलं तर फरक कळतो: घोणशीच्या पाठीवर गोल ठिपक्यांच्या साखळीसारख्या तीन रांगा असतात, अजगराच्या अंगावर वेडेवाकडे मोठे चट्टे. डिवचल्यावर घोणस कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार सोडते. हे सगळं मोबाइलवर दिसतं, असं कुणी म्हणेल. दिसतं, पण सापाची खरी जाडी आणि पाचोळ्यात मिसळून जाणारा त्याचा रंग पडद्यावर कळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही विषांवर एकच असतं, मग साप ओळखून काय साधणार? दंशानंतर खरोखरच फारसं नाही. साप शोधण्यात किंवा मारण्यात वेळ न दवडता रुग्णाला हलू न देता थेट दवाखाना गाठावा. ओळख कामाला येते ती दंशाआधी. मण्यार रात्री फिरते, तिच्या दंशाची वेदनाही कित्येकदा जाणवत नाही; हे ठाऊक असलेलं घर जमिनीवर अंथरूण घालत नाही, मच्छरदाणी नीट खोचतं. असं ज्ञान दवाखान्याच्या भिंतीबाहेर जावं लागतं. गावातल्याच बायकांना शिकवून भारतवैद्य, म्हणजे गावच्या आरोग्यसेविका, घडवणाऱ्या हॅलो मेडिकल फाउंडेशनच्या अणदूरला हे नवं नाही.

राहिला पिंजऱ्याचा प्रश्न. जिवंत प्राणी काचेआड ठेवणं ही त्याच्यावरची सक्तीच आहे, ती नाकारून चालणार नाही. म्हणूनच ती नुसत्या करमणुकीसाठी खर्ची पडू नये. उंदीर खाणाऱ्या बिनविषारी धामणीला नाग समजून ठेचलं जातं, ते तिला कुणी जवळून पाहिलेलं नसतं म्हणून.