पूर्णेचं पाणी, खारफुटीचं जंगल: चार गैरसमज

जालना जिल्ह्यातल्या केदारखेड्याची पूर्णा परभणी जिल्ह्यात गोदावरीला मिळते आणि गोदावरी आंध्रात बंगालच्या उपसागराला. तिच्या मुखाशी, काकीनाड्याजवळ, कोरिंगाचं खारफुटीचं जंगल आहे. जालन्यात तिवर, म्हणजे खारफुटीचं झाड, उगवत नाही, पण नदीने आपल्याला या जंगलाशी जोडलं आहे. म्हणून खारफुटीबद्दलचे समज तपासून घ्यायला हवेत.

गैरसमज १: खारफुटी म्हणजे पडीक दलदल.
वस्तुस्थिती: गळून कुजलेल्या पानांवर खारफुटीतले बारीक जीव पोसतात. मुळांच्या गुंत्यात मोठ्या माशांना शिरता येत नाही, म्हणून बोय, जिताडा, कोळंबी यांची पिल्लं तिथे वाढतात. कोकणातल्या खाड्यांत ओहोटी साधून बायका तिसऱ्या (शिंपले) आणि कालवं काढतात. त्याला ना इंजिन लागतं ना डिझेल. ज्या घराकडे होडी नाही, त्याचा मीठमसाला याच चिखलातून येतो.

गैरसमज २: खोल समुद्रात मासेमारी करणाऱ्यांचा खारफुटीशी संबंध नाही.
वस्तुस्थिती: कोळंबीच्या अनेक जाती लहानपण खाडीत काढतात आणि मोठ्या झाल्या की समुद्रात जातात. खाडीतली तिवरं तुटली, तर त्याची झळ ट्रॉलरच्या जाळ्यापर्यंत पोहोचते.

गैरसमज ३: संरक्षण म्हणजे गावकऱ्यांच्या पोटावर पाय.
वस्तुस्थिती: मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये राज्यातल्या खारफुटीच्या तोडीवर आणि भरावावर बंदी घातली. त्याआधी 2012 मध्ये राज्याने कांदळवन (खारफुटी) कक्ष स्थापन केला होता. 2017 पासूनच्या उपजीविका योजनेत चिंबोरीपालन (खेकडापालन), कालवंपालन आणि पिंजऱ्यातल्या जिताड्यासाठी गटांना अनुदान मिळतं. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला पर्यटकांना होडीतून खारफुटी दाखवतात. त्यांची कमाई झाड उभं राहण्यावरच अवलंबून आहे.

गैरसमज ४: समुद्रात गेलेलं पाणी वाया जातं.
वस्तुस्थिती: टंचाई सोसलेल्या मराठवाड्यात असं वाटणं स्वाभाविक आहे. पण खारफुटीला नुसतं खारं पाणी पुरत नाही. नदीचं गोडं पाणी खारटपणा आटोक्यात ठेवतं आणि पुराबरोबर आलेला गाळ मुळांना जमीन देतो. 1970 च्या दशकात गोदावरी त्रिभुज प्रदेशाला वर्षाला सुमारे 15 कोटी टन गाळ पोहोचवत असे. 1990 च्या दशकात तो 6 कोटी टनांच्याही खाली आला. धरणांमागे गाळ अडतो, हे त्याचं मोठं कारण. गाळ घटला की किनारा खचतो आणि खारफुटीच्या पायाखालची जमीन जाते.

शेतीला आणि पिण्याला पाणी हवंच, धरणंही हवीत. मात्र खोऱ्यातल्या पाण्याचा हिशेब मांडताना शेतकरी, शहर आणि कारखाना यांच्याबरोबर नदीच्या मुखाशी राहणारा मच्छीमारही वाटेकरी म्हणून धरला पाहिजे. पूर्णेवर त्याचाही हक्क आहे.