आपल्या गावातला लायन्स क्लब : सभासद कोण, काम काय?



आपल्या गावच्या वाचनालयात शिरताना दाराच्या डाव्या हाताला एक पेटी आहे. टपालपेटीसारखीच, पण लहान. तिच्यावर सिंहाचे तोंड आणि त्याखाली चष्म्याचे चित्र. तुमच्यापैकी बहुतेकांनी ती पाहिली असेल आणि बहुतेकांनी तिच्यात कधीच काही टाकले नसेल. आम्हीसुद्धा चार वर्षे तिच्या शेजारून पुस्तके नेत-आणत होतो. ही पेटी कोणाची, आणि सिंहाचा चष्म्याशी संबंध काय, असा प्रश्न आम्हाला एकदाही पडला नाही. तो पडला तो आमच्या मुलीमुळे. म्हणून आधी तिची गोष्ट सांगतो आणि मग क्लबाची.

एका डोळ्याची गोष्ट

मुलगी चार वर्षांची असताना तिच्या बालवाडीतून एक कागद घरी आला. लायन्स क्लबाचे स्वयंसेवक मुलांचे डोळे तपासायला येणार आहेत, पैसे लागणार नाहीत, पालकांनी सही करावी. आम्ही नीट न वाचताच सही केली. मुलगी चित्रे रंगवत होती, झाडावरचा पक्षी आमच्या आधी तिला दिसत होता. डोळ्यांची काळजी करण्याचे काही कारणच नव्हते.

आठवड्याने दुसरा कागद आला : डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून घ्यावे. आम्ही दोघेही संगणकाच्या धंद्यातले. यंत्रे किती चुकतात हे आम्हाला चांगले ठाऊक. त्यामुळे पहिला विचार आला तो 'यंत्र चुकले असेल' हाच. तरी गेलो. डॉक्टरांनी सांगितले की उजवा डोळा उत्तम आहे, पण डाव्याला मोठा नंबर आहे. डाव्या डोळ्याकडून पुसट चित्र येते, म्हणून मेंदूने त्याच्याकडे लक्ष देणेच सोडून द्यायला सुरुवात केली आहे. याला 'आळशी डोळा' म्हणतात. शंभरातल्या दोन-तीन मुलांना तो असतो. मूल तक्रार करत नाही, कारण इतरांना कसे दिसते हे त्याला माहीतच नसते, आणि चांगला डोळा सगळे काम निभावून नेतो.

उपाय साधा होता. चष्मा लावायचा, आणि रोज काही तास चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून आळशी डोळ्याला कामाला जुंपायचे. पण हा उपाय लहानपणीच, साधारण सात वर्षांच्या आत, सर्वांत चांगला लागू पडतो. उशीर झाला तर पुढे कितीही जाड भिंगाचा चष्मा लावला तरी ती नजर पूर्ण येईलच असे नाही. आमच्या धंद्यात एक नियम आहे : प्रोग्राममधली चूक जितकी लवकर सापडेल तितकी ती दुरुस्त करायला सोपी. डोळ्यांनाही तो नियम लागू आहे हे आम्हाला त्या दिवशी कळले.

पहिले काही दिवस घरात रोज रडारड होती. पट्टीवर फुलपाखराचे चित्र काढून दिले तेव्हा कुठे ती टिकू लागली. आज तीच मुलगी आपल्या वर्गात फळ्यावरचा 'घ' आणि 'ध' मागच्या बाकावरून ओळखते. (लिहिताना चुकते, पण तो दोष डोळ्यांचा नाही!)

आभार मानायला गेलो तेव्हा

आम्ही बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन क्लबाच्या सभेला गेलो. मनात चित्र होते ते कोट-टाय घातलेल्या बड्या व्यापाऱ्यांचे. प्रत्यक्षात एका उपाहारगृहाच्या मागच्या खोलीत चौदा माणसे बसली होती, आणि त्यांतली दहा तरी सत्तरीच्या पुढची. आमच्या मुलीचे डोळे ज्यांनी तपासले ते आजोबा पूर्वी शाळेची बस चालवत होते. त्यांना ते यंत्र वापरायला क्लबाने शिकवले होते. ते यंत्र मोठ्या कॅमेऱ्यासारखे असते. मुलापासून सुमारे एक मीटरवर धरायचे. त्यातले दिवे चमकतात, मूल तिकडे बघते आणि काही सेकंदांत दोन्ही डोळ्यांचा अंदाज पडद्यावर येतो. अक्षरे वाचावी लागत नाहीत, म्हणून अगदी लहान मुलांनाही चालते. अर्थात ही पूर्ण तपासणी नव्हे. 'या मुलाला डॉक्टरांकडे न्या' एवढेच यंत्र सांगते, पुढचे काम डॉक्टरांचे.

आजोबा म्हणाले, "तुमची मुलगी या वर्षी सापडलेली तिसरी." आणि लाडू कशाचा आहे, ते विचारले.

सिंह कुठून आले?

अमेरिकेतल्या शिकागो शहरात मेल्विन जोन्स नावाचे एक विमा व्यावसायिक होते. त्या काळी तेथे व्यापाऱ्यांची मंडळे असत. दुपारी एकत्र जेवायचे आणि एकमेकांना गिऱ्हाईक मिळवून द्यायचे, हा त्यांचा उद्देश. जोन्स यांना वाटले की एवढी हुशार, कर्तबगार माणसे जमतात, तर त्यांनी गावासाठी काही का करू नये? १९१७ साली त्यांनी अशा अनेक मंडळांना एकत्र आणले. सिंह हे धैर्याचे आणि बळाचे चिन्ह, म्हणून नाव पडले लायन्स. सभासदांचा आर्थिक फायदा हा क्लबाचा उद्देश असणार नाही, असा नियम त्यांनी त्याच वर्षी केला. १९२० मध्ये डेट्रॉइटच्या समोर, नदीपलीकडे कॅनडातल्या विंडसर गावी क्लब निघाला आणि संस्था आंतरराष्ट्रीय झाली. मुंबईत क्लब आला १९५६ साली. आज जगभर सुमारे चौदा लाख सभासद आहेत. संस्थेचे ब्रीदवाक्य दोनच शब्दांचे आहे. त्याचा अर्थ : आम्ही सेवा करतो.

आता चष्म्याकडे येऊ. मुलांनो, सीडर पॉइंटला तुम्ही सगळे जाता. पाळण्यासाठी तासभर रांगेत उभे राहता. त्याच सीडर पॉइंटला, आपल्याच ओहायोत, ३० जून १९२५ रोजी लायन्सचे अधिवेशन भरले होते. तेथे हेलन केलर बोलायला आल्या. एकोणीस महिन्यांच्या असताना आजारपणात त्यांची दृष्टी आणि श्रवणशक्ती दोन्ही गेली होती. तीनच दिवसांपूर्वी त्यांना पंचेचाळिसावे वर्ष पूर्ण झाले होते. त्यांनी लायन्सना आवाहन केले की अंधांच्या बाजूने उभे राहणारे वीर व्हा. टाळता येण्याजोगे अंधत्व राहू देऊ नका, आणि अंध व्यक्ती एकटी पडू देऊ नका. अधिवेशनाने ते काम आपले मानले. शंभर वर्षे होऊन गेली, काम अजून चालू आहे. म्हणून त्या पेटीवर सिंह आणि चष्मा शेजारी शेजारी आहेत.

अंध माणसांच्या हातातली पांढरी काठी तुम्ही पाहिली असेल. ती सर्वांच्या ओळखीची करण्यातही लायन्सचा मोठा वाटा आहे. १९३० साली इलिनॉय राज्यातल्या पिओरिया गावच्या क्लबाने पांढऱ्या काठीचा पुरस्कार केला, कारण काळी काठी मोटारवाल्यांना दिसत नसे. पांढरी काठी दिसली की गाडी थांबवायची, असा नियम त्या गावाने केला.

वर्गणी कुठे जाते, देणगी कुठे जाते?

गणपतीची वर्गणी गोळा केलेल्या प्रत्येक पालकाला हा प्रश्न पडणारच. लायन्स क्लबात दोन वेगळी खाती असतात. सभासदांची वर्गणी एका खात्यात. त्यातून टपाल, कागद, सभेची जागा असा क्लबाचा स्वतःचा खर्च भागतो. लोकांकडून जमवलेला पैसा दुसऱ्या खात्यात. तो लोकांच्याच कामासाठी वापरावा लागतो. सभासदांच्या जेवणावर त्यातला एक सेंटही जाता कामा नये. हा नियम आम्हाला सर्वांत आवडला.

दुसऱ्या खात्यात पैसा येतो तो मुख्यतः पॅनकेकच्या न्याहारीतून. वर्षातून दोन शनिवारी क्लब शाळेच्या जेवणघरात पॅनकेक विकतो. पीठ आणि सरबताचे पैसे वजा जाता उरते ते सेवेच्या कामाला. मजुरी शून्य, कारण सगळे वाढपी सभासद. आमच्या घरातल्या घावनाच्या सरावामुळे आम्हाला थेट तव्यावर उभे केले. पॅनकेक उलटणे आणि घावन उलटणे यांत फार फरक नाही. दोन्हीकडे घाई केली की फाटते.

त्या पैशातून गेल्या वर्षी आपल्या गावच्या क्लबाने जे केले ते असे : ज्यांना परवडत नाही अशा मुलांना नवे चष्मे दिले, चाकाच्या खुर्च्या आणि कुबड्या गरजूंना काही दिवसांसाठी वापरायला दिल्या, अन्नपेढीला धान्य पोचवले आणि तीन बालवाड्यांत डोळे तपासले. मोठी कामे नव्हेत. पण ज्याच्या घरी आजी पडून हाड मोडले त्याला विचारा, रविवारी संध्याकाळी चाकाची खुर्ची मिळणे म्हणजे काय असते!

पेटीतले जुने चष्मे मात्र लांब जातात. सभासद ते गोळा करून लायन्सच्या केंद्रात पाठवतात. तेथे ते धुतात, यंत्रावर भिंगाचा नंबर मोजून पाकिटावर लिहितात आणि निरनिराळ्या देशांतल्या नेत्रशिबिरांत पाठवतात. शिबिरात माणसाचे डोळे तपासून त्याच्या नंबराला जवळचा चष्मा दिला जातो. म्हणजे तुमच्या बाबांचा कपाटात पडलेला चष्मा दुसऱ्या कोणाचे तरी बाबा लावू शकतात.

सभासद कसे व्हायचे?

मोठे होण्याएवढे वय आणि चांगली वागणूक, एवढीच मुख्य अट. नागरिकत्वाची अट नाही. क्लबातल्या एखाद्या सभासदाने आपले नाव सुचवायचे, कार्यकारिणीने मान्य करायचे आणि वर्गणी भरायची. १९८७ सालापासून स्त्रियांनाही सभासदत्व आहे. घरातून एकाहून अधिक जण आले तर पुढच्यांना आंतरराष्ट्रीय वर्गणी निम्मी पडते. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार दर वर्षी निवडतात. सभेत पक्षाचे राजकारण आणि धर्माचे वाद काढायचे नाहीत, असाही नियम आहे. कदाचित म्हणूनच सभा वेळेवर संपतात.

आम्ही दोघे सभासद झालो तेव्हा ओळखीच्या दोघा-तिघांनी विचारले, "या लष्कराच्या भाकऱ्या कशाला भाजता? द्यायचेच तर आपल्याकडे द्या, तिकडे गरज जास्त आहे." प्रश्न खोटा नाही. आपल्या गावाकडच्या शाळेला आम्हीही पैसे पाठवतो आणि पाठवत राहू. पण घरच्या आजी-आजोबांना विचारा. लायन्स क्लबाच्या मोतीबिंदू शिबिराचा फलक महाराष्ट्रात कितीतरी गावांत त्यांनी पाहिला असेल. तेथे ज्या क्लबाकडून आपल्या माणसांनी मदत घेतली, तोच क्लब येथे आहे. शिवाय आमच्या मुलीचा डोळा तपासताना त्या आजोबांनी 'तुम्ही कुठले' असे विचारले नव्हते.

खरी अडचण वेगळीच आहे. नवा क्लब काढायला किमान वीस सभासद लागतात. आपल्या गावच्या क्लबात आज सोळा आहेत, आमच्यासकट. गेल्या हिवाळ्यात बसवाल्या आजोबांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि त्या तीन महिन्यांत दोन बालवाड्यांची तपासणी राहून गेली. यंत्र कपाटात होते, धरायला माणूस नव्हता. त्या बालवाड्यांत आमच्या मुलीसारखे एखादे मूल असेल का, हा विचार आमच्या मनातून जात नाही. पैशाचा धनादेश कोणीही लिहील, पण मंगळवारी सकाळी दोन तास कोणीतरी जावेच लागते. आता आम्ही आळीपाळीने कामावरून सुट्टी काढून जातो.

मुलांनी काय करायचे?

बारा वर्षांपासून पुढच्या मुलांसाठी 'लिओ क्लब' असतो. पहिला लिओ क्लब १९५७ साली पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका शाळेत निघाला. आपल्या गावात अजून नाही, पण निघू शकतो. आपल्या मोठ्या गटातल्या मुलांनी मनावर घेतले तर मोठा क्लब पाठीशी उभा राहायला तयार आहे.

त्याहून लहान असाल तर एवढे करा. घरातले खण, कपाटे, मोटारीचा कप्पा शोधा. जुने चष्मे, वाचायचे चष्मे, उन्हाचे चष्मेही चालतात. दिवाळीपर्यंत दर रविवारी वर्गाच्या दाराशी आम्ही एक खोके ठेवणार आहोत. त्यावर चित्र काढायचे काम बालगटाचे. सिंह काढा, आणि त्याला चष्मा घालायला विसरू नका.

आणि पालकहो, डोळे तपासण्याचा कागद घरी आला तर सही करा, या वेळी वाचून. पुढची पॅनकेक न्याहारी वसंत ऋतूत आहे. तव्यावर अजून दोघांची जागा रिकामी आहे. घावन येत असतील तर उत्तम, नसतील तर आम्ही शिकवू.