चिखलोलीचं स्थानक आणि बाहेरची जागा
अंबरनाथ आणि बदलापूर या स्थानकांमध्ये सात-आठ किलोमीटरचं अंतर आहे. मध्ये चिखलोली-मोरिवलीची औद्योगिक वसाहत आणि भराभर वाढलेल्या इमारती. तिथल्या माणसाला लोकल पकडायची तर आधी शेअर रिक्षाने या दोनपैकी एका स्थानकाला जावं लागतं. म्हणून चिखलोली हे नवं स्थानक आखलं गेलं. केंद्राने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या एमयूटीपी-३अ (मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाचा टप्पा) मध्ये याच पट्ट्यातली कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिकाही आहे.

फलाट, पादचारी पूल, तिकीटघर हे रेल्वे बांधते. खरी परीक्षा दाराबाहेर असते. लोकल थांबली की शेकडो माणसं एकदम उतरतात. रिक्षा मात्र तिघांनाच घेऊन निघते. रांगेला जागा सोडली नाही तर ती रस्त्यावरच लागणार, आणि मग बस आत शिरणार कशी? १२ मीटर लांबीच्या बसला वळायलाही साधारण तेवढ्याच त्रिज्येची मोकळी जागा लागते. ती नकाशावरच राखावी लागते. दुकानं उभी राहिल्यावर मिळत नाही. कल्याण स्थानकाबाहेर एकदा उभं राहिलं की हे पटतं.

वसाहतीमुळे गर्दीच्या वेळाही निराळ्या. मुंबईचा नोकरदार सकाळी गाडीत चढतो, कारखान्याचा कामगार त्याच सुमाराला उतरतो. रात्रपाळी सुटते तेव्हा फीडर बस हवी, वाटेवर दिवे हवेत. माझ्या मते या बसचं वेळापत्रक कारखान्यांच्या भोंग्यावरून ठरवावं, कार्यालयांच्या घड्याळावरून नव्हे.