आकाशातल्या जागेचा हक्क

१ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत लोक संध्याकाळी दूरचित्रवाणी संचासमोर जमत. शेती, आरोग्य, शिक्षण हे विषय. अंतराळशास्त्रज्ञ विक्रम साराभाईंनी पाहिलेलं हे स्वप्न ‘साइट’ या उपग्रह दूरचित्रवाणी प्रयोगातून खरं झालं, पण ते पाहायला ते हयात नव्हते. उपग्रह मात्र अमेरिकेचा होता, एटीएस-६. मुदत संपली आणि प्रक्षेपण थांबलं. उसन्या उपग्रहावर विकास किती दिवस चालणार, हा धडा भारताला तिथेच मिळाला.

पण नुसता स्वतःचा उपग्रह असून भागत नाही, त्याला जागाही लागते. विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर उपग्रह पृथ्वीच्या गतीनेच फिरतो, म्हणून जमिनीवरून तो स्थिर दिसतो. ही भूस्थिर कक्षा एकच. त्यात एकाच वारंवारितेचे दोन उपग्रह फार जवळ आले, तर एकमेकांच्या संदेशात अडथळा आणतात. १९६७ चा अंतराळ करार सांगतो, की अंतराळाचा वापर सर्व देशांच्या हितासाठी व्हावा आणि त्यावर कुणीही मालकी सांगू नये. प्रत्यक्षात एसटीत रुमाल टाकणाऱ्याला जागा मिळावी, तशी आधी नोंदणी करणाऱ्याला कक्षा मिळत गेली.

डिसेंबर १९७६ मध्ये कोलंबिया, इक्वेडोर, केनिया, युगांडा, इंडोनेशिया आदी विषुववृत्तीय देशांनी बोगोटा इथे जाहीर केलं, की आमच्या डोक्यावरची कक्षा आमची. हा दावा टिकला नाही आणि तो टिकायलाही नको होता. मालकी नाकारणारा करारच त्याने मोडला असता. तरी त्यामागची तक्रार खरी होती. उशिरा येणाऱ्या गरीब देशांना शेवटी काय उरणार? अखेर १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जिनिव्हातल्या परिषदेने काही वारंवारिता पट्ट्यांत प्रत्येक सदस्य देशासाठी किमान एक जागा राखून ठेवली. अंतराळाच्या कारभारात समन्यायाचं इतकं ठोस पाऊल मला दुसरं दिसत नाही. उरलेल्या बहुतेक पट्ट्यांत मात्र ‘आधी येईल त्याला’ हाच नियम राहिला. त्याचाच आधार घेऊन टोंगासारख्या चिमुकल्या देशाने १६ जागांसाठी अर्ज केले. पदरात थोड्याच पडल्या.

आज गर्दी खालच्या कक्षेत आहे. एकट्या स्टारलिंकचे हजारो उपग्रह तिथे फिरतात. रवांडाने २०२१ मध्ये तब्बल तीन लाख सत्तावीस हजारांहून अधिक उपग्रहांची नोंद मागितली. नुसते कागदावर नोंदवलेल्या उपग्रहांना आळा घालण्यासाठी दूरसंचार संघाच्या २०१९ च्या परिषदेने टप्पे ठरवले: सात वर्षांची प्राथमिक मुदत संपल्यावर पुढच्या दोन वर्षांत दहा टक्के, पाच वर्षांत निम्मे आणि सात वर्षांत सगळे उपग्रह कक्षेत हवेत. नियम चांगला आहे, पण तो पाळणं ज्यांच्याकडे रॉकेट आणि भांडवल आहे त्यांनाच जमतं. ज्या देशाला शाळा, दवाखाने नि शेती जोडण्यासाठी आणखी वीस वर्षांनी ही कक्षा लागेल, त्याच्यासाठी तिथे १९८८ सारखी राखीव जागा नाही. उसन्या उपग्रहाचा अनुभव घेतलेल्या भारताने हा प्रश्न दूरसंचार संघात स्वतः मांडला पाहिजे, आणि तोही कक्षा भरून जाण्याआधी.