औषध व सहायक द्रव्ये यांच्यातील आंतरक्रियांचा वर्णपटीय अभ्यास

गोळी, कॅप्सूल इत्यादींमधील औषधी घटक आणि सहायक द्रव्ये यांच्यात रासायनिक अथवा भौतिक आंतरक्रिया होते किंवा नाही, हे त्यांच्या वर्णपटांवरून तपासण्याच्या पद्धतीस हे नाव आहे. लॅक्टोज (दुग्धशर्करा), स्टार्च, मॅग्नेशियम स्टिअरेट ही नेहमीची सहायक द्रव्ये होत. त्यांना ‘निष्क्रिय घटक’ म्हणत असले, तरी ती सदैव निष्क्रिय राहतातच असे नाही.

महत्त्व

१९६८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात फेनिटॉइन या अपस्मारावरील औषधाच्या कॅप्सूलमध्ये कॅल्शियम सल्फेटाऐवजी लॅक्टोज वापरण्यात आले. औषधाची मात्रा तीच होती. तरीही त्याचे शोषण वाढून अनेक रुग्णांत विषबाधेची लक्षणे दिसून आली. यामुळे सहायक द्रव्याची निवड करण्यापूर्वी त्याची सुसंगतता तपासणे आवश्यक ठरते.

पद्धत

या कामी अवरक्त वर्णपटमिती विशेष प्रचलित आहे. रेणूतील प्रत्येक प्रकारचा बंध ठराविक तरंगांकाचे अवरक्त प्रारण शोषतो. उदाहरणार्थ, कार्बोनिल गटाची ठळक पट्टी १,७०० प्रति सेंटिमीटरच्या आसपास आढळते. शुद्ध औषध, शुद्ध सहायक द्रव्य आणि त्यांचे मिश्रण यांचे वर्णपट घेतात. मिश्रण ४०° से. तापमान व ७५ टक्के सापेक्ष आर्द्रता अशा स्थितीत काही आठवडे ठेवून पुन्हा तपासतात. मिश्रणाचा वर्णपट दोन्ही घटकांच्या वर्णपटांच्या बेरजेसारखा असल्यास आंतरक्रियेचा पुरावा मिळत नाही. एखादी पट्टी सरकली, लोपली किंवा नवी उमटली, तर आंतरक्रियेची शंका येते.

उदाहरणे

अमाइन गट असलेली औषधे लॅक्टोजबरोबर माइयार अभिक्रिया करू शकतात; त्यामुळे गोळी तपकिरी पडते व औषधाचा ऱ्हास होतो. मात्र प्रत्येक आंतरक्रिया अपायकारक नसते. लिन टेलर व जॉर्ज झोग्राफी यांनी १९९७ मध्ये अवरक्त व रामन वर्णपटांच्या साहाय्याने इंडोमेथॅसिन आणि पॉलिव्हिनिल पायरोलिडोन यांच्यातील हायड्रोजन बंध दाखवून दिले. अशा बंधांमुळे औषधाचे रेणू एकमेकांशी जोडले जात नाहीत आणि अस्फटिकी औषधाचे स्फटिकीभवन रोखण्यास मदत होते.

मर्यादा

सहायक द्रव्याच्या पट्ट्यांखाली औषधाच्या पट्ट्या झाकल्या जाऊ शकतात. अत्यल्प प्रमाणातील ऱ्हासजन्य पदार्थ अवरक्त वर्णपटात दिसत नाहीत. ओलावा किंवा नमुना दळताना बदललेले स्फटिकरूप यांमुळेही पट्ट्या सरकतात. म्हणून निष्कर्ष काढण्यापूर्वी औष्णिक विश्लेषण व उच्चक्षमता द्रव वर्णलेखन यांची जोड देतात.